मोडक्या बोटाचं चिमणपाऊल

कापणीला तीन आठवडे उरले की त्या घरात चूल उशिरा पेटायची आणि भट्टी आधी. सासूबाई भात्याशी बसायच्या, लोहार सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर ठेवायचा, आणि घण मारायची लोहारीण. लग्न होऊन आली तेव्हा तिला घण उचलताना बघून शेजारणी तोंडावर हात ठेवून हसल्या होत्या. त्याला आता चोवीस वर्षं झाली. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता, आणि हसणाऱ्या शेजारणींचे विळे याच घणाखालून जात होते.

लोहार कामात बोलायचा नाही. कामाबाहेरही फारसा नाही. ऐरणीच्या आवाजाने त्याचे कान अर्धे गेले होते आणि उरलेल्या अर्ध्यांचा तो सोयीने उपयोग करायचा. छोट्या हातोड्याने ऐरणीवर एकदा वाजवलं म्हणजे मार, दोनदा वाजवलं म्हणजे थांब. नवराबायकोचं निम्मं बोलणं असं हातोड्यातूनच व्हायचं, त्यामुळे भांडणंही निम्मीच व्हायची.

विळा घडला की त्याला पाणी द्यायच्या, म्हणजे तापलेला पाण्यात बुडवायच्या आधी शेवटचं एक काम असे, ते तो एकटा करी. कोनाड्यातून वडलांच्या हातचा पोलादी ठसा काढायचा, मुठीजवळच्या लालसर लोखंडावर धरायचा आणि एकच घाव घालायचा. चिमणीचं पाऊल उमटायचं. पुढे तीन बोटं, मागे एक. त्यातलं डावं बोट मधेच तुटलेलं, कारण ठशाचा तेवढा टवका उडालेला होता. गावात कुणी 'लोहाराचा विळा' म्हणत नसे, 'चिमणपाऊल' म्हणत. आसपासच्या दहा गावांत दुकानात जाऊन माणसं चिमणपाऊल मागत.

त्या दिवशी टपालवाला आला तेव्हा लोहारणीच्या हातात घण होता. त्याने सही मागितली. तिचे हात काळे, म्हणून लेकीने सही केली आणि लिफाफा तिनेच फोडला. लेक शाळा संपवून घरच्याच कामाला लागली होती. विळ्यांना मुठी बसवायचं काम तिचं. ती दोन पानं वाचेपर्यंत लोखंड काळं पडलं.

"काय आहे गं?" लोहारणीने विचारलं.

"आई, यात लिहिलंय की चिमणपाऊल आपलं नाही."

पत्र बाजाराच्या गावच्या शेठच्या वकिलाचं होतं. हा शेठ बारा वर्षं यांच्याकडून विळे नेऊन विकत होता. तीन वर्षांपूर्वी अचानक यायचा थांबला. का थांबला ते आता कळलं. त्याने यंत्रावर विळे काढायला सुरुवात केली होती, त्यांवर चिमणपाऊल छापत होता, आणि ते चिन्ह आता सरकारदरबारी स्वतःच्या नावावर करायला निघाला होता. तुम्ही आमचं चिन्ह चोरून वापरता, पत्रात लिहिलं होतं, ते पंधरा दिवसांत बंद करा आणि ठसा आमच्या स्वाधीन करा.

"चोरून?" लोहारणीच्या तोंडून एवढंच निघालं.

लोहाराने पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, परत दिलं आणि लोखंड भट्टीत सारलं. मग ऐरणीवर एकदा वाजवलं. तिने घण उचलला खरा, पण पहिला घाव तिरका पडला. असं तिच्या हातून वर्षानुवर्षांत झालं नव्हतं.

*

वकीलबाईंची खोली औषधाच्या दुकानावर होती. जिन्यात गोळ्यांचा वास यायचा. बाई वयाने लहान होत्या, पण ऐकून घेण्यात मोठ्या. लोहारणीने पिशवीतून आणलेला विळा त्यांनी हातात घेऊन पाहिला, अंगठ्याने धार चाचपली आणि "आई गं" म्हणत अंगठा तोंडात घातला.

"ताई, चिन्ह तुमचं आहे हे मला पटलं," त्या म्हणाल्या. "पण मला पटून उपयोग नाही. शेठने ट्रेडमार्कसाठी अर्ज केलाय, त्याला विरोध करायला आपल्याला चार महिने आहेत. जो आधीपासून वापरतो, त्याचं चिन्ह. शेठ म्हणतो तो बावीस वर्षं वापरतोय, आणि त्याने कागद जोडलेत."

"आमचे सासरे त्याच्याही आधीपासून वापरत होते."

"असणारच. दाखवा काहीतरी. त्या काळातला एखादा विळा दाखवा."

"विळा राहिलाच नाही," लोहारीण म्हणाली आणि का ते सांगितलं. त्या घरची रीतच अशी होती की जुना विळा दिल्याशिवाय नवा मिळायचा नाही. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. जुनं लोखंड हाताखाली मुरलेलं असतं, त्याची जोड नव्याला दिली की पातं टिकतं, असं ते म्हणत. झिजलेला विळा घेऊन यायचं, तो भट्टीत जायचा, नव्याच्या पाठीत बसायचा. जुना नाही आणला तर सासरे गिऱ्हाइकाला उंबऱ्यावरून परत पाठवत, मग तो गावचा पुढारी का असेना. त्यांच्यामागे मुलानेही नियम पाळला; शेठसुद्धा गावोगावचे जुने विळे गोळा करून आणायचा, तेव्हाच त्याला नवे मिळायचे.

"म्हणजे," वकीलबाई हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षांचा पुरावा तुम्ही स्वतःच तापवून ठोकलात?"

"हो."

बाईंना आधी हसू आलं, मग ते त्यांनी गिळलं. "मग कागद शोधा. फोटो, बक्षिसाचं पत्र, कचेरीतली नोंद, काहीही. जुनं भांडणसुद्धा चालेल. फक्त त्यावर तारीख हवी, शिक्का हवा आणि ते पाऊल हवं."

दुसऱ्या दिवसापासून लोहारीण दारोदार फिरली. जिथे आयुष्यभर लोक तिच्याकडे मागायला आले होते, तिथे आता ती मागायला गेली. जुना विळा आहे का? माळ्यावर, गोठ्यात, कुठे पडलेला? गवळीण म्हणाली, "असता तर दिला असता गं बाई. तुझ्या सासऱ्यांनी ठेवू दिला तर ना." शिंप्याने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "मी कापड कापतो, वहिनी, गवत नाही." गावच्या कचेरीत कारकुनाने कपाट उघडून दाखवलं. त्या काळातली दप्तरं वाळवीने अशी खाल्ली होती की हात लावला तर भुगा पडत होता.

सगळ्यात लागलं ते विहिरीजवळच्या माळ्याच्या घरी. माळ्याने आत जाऊन एक विळा आणला आणि तिच्यासमोर टाकला.

"राग मानू नका, पण तुमचे विळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. हा गेल्या साली बाजारातून घेतला. बघा दाते."

दाते जागोजागी बसले होते. मुठीजवळ चिमणपाऊल होतं. डावं बोट तुटलेलं. शेठने नक्कल इतकी मन लावून केली होती की मोडसुद्धा जशीच्या तशी उचलली होती.

"हा आमचा नाही, दादा," ती म्हणाली.

"पाऊल तर तुमचंच आहे."

तिने विळा उचलून माळ्याच्या हातात परत दिला. बंदी येईल, काम थांबेल, हे भय होतंच. पण आपल्या घराच्या नावावर कुणीतरी वाईट विळा खपवतंय आणि लोक सभ्यपणाने काही बोलत नाहीत, हे तिला जास्त झोंबलं. ती घरी आली आणि हातपाय न धुता तशीच ओट्यावर बसून राहिली.

*

सकाळी भट्टीवर तिने सगळं सांगितलं. माळ्याचा विळाही सांगितला. भाता थांबला. सासूबाईंनी दांडी सोडून दिली होती.

"एक कागद आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, असलाच तर."

लोहाराने ऐरणीवर दोनदा वाजवलं.

"तुझ्या हातोड्याचं तुझ्या बायकोने ऐकावं," सासूबाई म्हणाल्या. "मी तुला जन्म दिलाय, मी कशाला थांबू?"

मग त्यांनी सांगितलं. एकेचाळीस वर्षांपूर्वी गावातल्या एका बाईने सासऱ्यांकडून विळा नेला आणि आठवड्यात कचेरीत तक्रार दिली. विळ्यावरचं पाऊल मोडकं आहे. ज्याला चिमणीचा पाय धड काढता येत नाही, त्याने विळा काय धड केला असणार? कचेरीने सासऱ्यांना बोलावलं. चार माणसांसमोर उभं केलं, माफी मागायला लावली, आणि वर निकाल दिला की बाईला दुसरा विळा द्यावा आणि पहिलाही तिच्याकडेच राहावा. सासऱ्यांनी दुसरा विळा दिला. त्याच मोडक्या ठशाचा, मुद्दाम. आणि त्या दारात पुन्हा आपल्या घरचं लोखंड जाणार नाही अशी शपथ घेतली.

"हा तेव्हा नऊ वर्षांचा होता," सासूबाईंनी मुलाकडे हनुवटी केली. "बापाचं बोट धरून गेला होता."

लोहार भट्टीत बघत होता. चोवीस वर्षांत त्याने बायकोला हे सांगितलं नव्हतं. एका बाईचं नाव निघालं की हा माणूस उठून का जातो, ते तिला आज कळलं.

"बाई कोण?" तिने विचारलं, खरं तर तिला ठाऊक झालं होतं.

"अर्जीमावशी. दुसरी कोण असणार?"

अर्जीमावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. तिला हे नाव पडलं ते अर्जांमुळे. रस्त्यावर, पाण्यावर, दिव्यावर तिने अर्ज दिले होतेच. शेजाऱ्याचा कोंबडा वेळेआधी आरवतो म्हणूनही एक दिला होता. या घराशी तिचा एकेचाळीस वर्षं अबोला. लोहारीण सून होऊन आली तेव्हा तिला सांगितलेल्या पहिल्या चार गोष्टींत ही एक होती: त्या म्हातारीशी बोलायचं नाही.

"मी जाते," लोहारीण म्हणाली.

"मी येते," सासूबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

लोहाराने एकदाही वाजवलं नाही, दोनदाही नाही. हातोडा तसाच धरून तो बसून राहिला.

*

अर्जीमावशी दारात धान्य निवडत बसली होती. दोघींना बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"वाट चुकलात का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षं चुकलो होतो, आज बरोबर आलो."

"बसा म्हणणार नाही. आधी काम सांगा."

लोहारणीने काम सांगितलं. शेठ, नोटीस, वकीलबाई, वाळवी, माळ्याचा विळा. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की म्हातारी मधे एक शब्द बोलत नाहीये. अर्ज लिहिणारी माणसं बहुतेक चांगलं ऐकत असावीत.

"म्हणजे," शेवटी अर्जीमावशी म्हणाली, "मी तुमच्यावर केलेली तक्रार तुम्हाला हवी आहे."

"हो, मावशी."

"आजवर माझा अर्ज कुणी मागायला आलं नव्हतं."

ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला, मग कागद चाळल्याचा. दोऱ्याने बांधलेली चळत घेऊन ती बाहेर आली. सगळ्या अर्जांच्या शिक्क्यानिशी नकला होत्या, तारखेनुसार लावलेल्या. त्यातली एक तिने उलगडली. पिवळा कागद, जांभळा शिक्का, खाली तारीख. आणि मधोमध, त्या वेळच्या कुणा हौशी कारकुनाने शाईने काढलेलं चिमणपाऊल. डावं बोट तुटलेलं, आणि तिकडे बाण करून लिहिलेलं: 'येथे मोड आहे.'

पाठोपाठ तिने तेलकट फडक्यातला विळा ठेवला. न वापरलेला, मुठीला कचेरीची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली. "पुरावा म्हणून ठेवला होता. न जाणो, उलटला असता तुझा सासरा."

लोहारणीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिने अडवलं नाही. सासूबाई मात्र कागदाकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर त्या बाणावर होती.

"तो टवका मी उडवला," त्या म्हणाल्या. "भांडण झालं होतं आमचं. ठसा हातात आला तो फेकला त्यांच्यावर. नेम चुकला, ऐरणीवर आदळला. नवा ठसा करायला त्यांना सवड झाली नाही, आणि मग तुझा अर्ज आल्यावर हट्टाने केला नाही."

"मग कचेरीत बोलला का नाही तो? 'माझ्या हातून मोडला' म्हणत माफी मागितली त्याने."

"बायकोने फेकून मारला असं चार माणसांत कसं सांगणार?"

अर्जीमावशीने पाट पुढे सारला. "बसा."

बसताना लोहारणीची नजर भिंतीवर गेली. खुंटीला आणखी एक विळा होता. तिने उठून तो काढला. पातं झिजून झिजून करंगळीएवढं राहिलं होतं, दाते कुणीतरी दगडावर घासून पुन्हा पुन्हा जागे केले होते, आणि मुठीजवळ ते पाऊल अर्धवट पुसलेलं, तरी दिसत होतं.

"हा दुसरा? एकेचाळीस वर्षं हाच?"

"मग काय करू? तुमच्या घरून मिळणार नव्हता. बाहेरचे दोन आणले, दोन्ही वाकले."

"म्हणजे विळा चांगला होता," सासूबाई म्हणाल्या.

अर्जीमावशी सुपातले खडे बोटाने एका बाजूला करत राहिली. "महिन्याभरात कळलं होतं मला. पण दिलेला अर्ज मागे घ्यायचा अर्ज कसा लिहितात, ते मला येत नव्हतं."

*

सुनावणी मोठ्या शहरात होती. अर्जीमावशीने कागद कुणाच्या हातात द्यायला साफ नकार दिला. "माझा अर्ज, मी घेऊन येणार." त्यामुळे बसमध्ये खिडकीशी ती, मधे सासूबाई आणि कडेला वकीलबाई. लोहारणीला जागा मिळाली नाही. ती दांडा धरून तीन तास उभी राहिली आणि बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना शेजारच्या कोंबड्याबद्दल बोलताना ऐकत राहिली. उपकार म्हणजे ओझं असं तिला नेहमी वाटायचं. या वेळी तसं वाटत नव्हतं.

शेठचा वकील छान बोलला. बिलं दाखवली, फलकाचे फोटो दाखवले. अधिकारी टिपून घेत होते. मग वकीलबाईंनी पिवळा कागद पुढे केला, चिठ्ठीसकट विळा ठेवला आणि त्याच्या शेजारी शेठच्या कारखान्यातला विळा ठेवला.

अधिकाऱ्यांनी भिंग काढलं. बराच वेळ काढला. मग शेठकडे बघितलं.

"तुमच्या यंत्राच्या ठशात हे बोट तुटलेलं का आहे?"

शेठने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने कागदांकडे. "साहेब, ते डिझाइन आहे," शेठ म्हणाला.

"डिझाइन माझं आहे!" मागच्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या. "विचारा, कुणाला फेकून मारलं होतं ते!"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. पण अधिकारी हसले, आणि त्यांनी अर्जीमावशीला पुढे बोलावून विचारलं, हा अर्ज तुमचाच का?

"माझाच. सही बघा. तक्रार खोटी होती, साहेब. विळा चांगला होता. हेही लिहून घ्या, आणि मला शिक्क्याची नक्कल द्या."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. लोहारीण तेव्हा टेबलाच्या कडेला उभी होती. ज्या बाईला तिने चोवीस वर्षं रस्त्यात तोंड फिरवून ओलांडलं होतं, ती बाई सरकारी माणसासमोर ताठ उभी राहून स्वतःला खोटी म्हणवून घेत होती. ते ऐकायला सासरे हवे होते, असं लोहारणीला वाटलं.

*

निकाल पुढच्या कापणीच्या तोंडावर आला. शेठचा अर्ज फेटाळला. चिमणपाऊल यांच्या नावावर नोंदवायला वाट मोकळी झाली. ठसा मात्र आहे तस्साच ठेवायचा, वकीलबाईंनी बजावलं. मोड दुरुस्त केली तर चिन्ह बदललं. लेकीने निकाल तीन वेळा मोठ्याने वाचला. पहिल्यांदा आईसाठी, दुसऱ्यांदा आजीसाठी, तिसऱ्यांदा बापाच्या अर्ध्या कानांसाठी.

कचेरीतून परत मिळालेला विळा द्यायला लोहारीण गेली, तर अर्जीमावशीने तो कागदांसोबत पेटीत ठेवला आणि भिंतीवरचा काढून हातात दिला.

"हा ने. जुना दिल्याशिवाय नवा नाही, तुमच्या घरची रीत आहे ना? हा जुना. आता मला नवा पाहिजे."

लोहारणीने तो घरी आणून ऐरणीवर ठेवला. शपथ सासऱ्यांची होती, मोडायची असेल तर मुलाने मोडावी.

लोहाराने ते करंगळीएवढं पातं उचललं. उजेडात धरलं. वडलांच्या हातचं काम त्याने कितीतरी वर्षांनी बघितलं होतं. बाकी सगळं तर भट्टीत गेलं होतं. अंगठा पुसट पावलावरून फिरवला. हे ठेवून घ्यावं असं त्याच्या मनात आलं असेल, लोहारणीच्या तर आलंच. पण त्याने आईकडे बघितलं, आईने भात्याची दांडी धरली, आणि जुना विळा भट्टीत गेला.

लाल झाल्यावर त्याने ऐरणीवर एकदा वाजवलं. लोहारणीने घण उचलला. जुनं नव्याच्या पाठीत बसेपर्यंत तिने एकही घाव तिरका पडू दिला नाही. मग त्याने कोनाड्यातून ठसा काढला. ठोकून झाल्यावर पाणी दिलं, धार लावली, लेकीने मूठ बसवली. विळा कापडात गुंडाळून तो उठला.

"मी देऊन येतो," तो म्हणाला.

लोहारीण मागोमाग गेली, चार पावलं अंतर ठेवून. अर्जीमावशीच्या उंबऱ्याशी तो थबकला. नऊ वर्षांचा असताना कचेरीच्या दारात थबकला असेल तसाच. मग वाकून आत गेला आणि विळा दोन्ही हातांनी पुढे केला.

म्हातारीने चष्मा लावला. पातं बघितलं, दाते बघितले, मूठ हलते का ते बघितलं. मुठीजवळ आली आणि थांबली.

"पाऊल अजून मोडकंच आहे."

"हो, मावशी."

"मग मला अर्ज द्यावा लागेल."

लोहाराचा चेहरा हलला. घरात त्याला असं हसताना कुणी फारसं पाहिलं नव्हतं.

"द्या," तो म्हणाला. "फक्त शिक्क्याची नक्कल जपून ठेवा."